अक्षता न सांडणारी घडी

बाबांनी कार्ड परातीवर उलटं धरलं आणि झटकलं. परातीत तीन दाणे टणटण वाजत पडले. चौथा घडीत अडकला होता. त्याला त्यांनी खालून टिचकी मारली, तोही पडला.

“सांडल्या,” बाबा म्हणाले.

“टिचकी तं तुम्ही मारली.”

“रस्त्यानं गचके नाई बसत का? तो गचका समज.”

हे सतरावं कार्ड होतं. त्यांनी ते बाजूच्या गठ्ठ्यावर टाकलं आणि परातीतल्या अक्षता वेचून पुन्हा डबीत भरल्या.

माझं लग्न चोवीस एप्रिलला होतं आणि मार्चची पंधरा तारीख उलटून गेली होती. कार्यालय ठरलं होतं, जेवण ठरलं होतं, दोन्हीकडचे कपडे झाले होते. पत्रिकेचा मजकूर ठरला होता, रंग ठरला होता, नावांचा क्रमसुद्धा (घरात दोन दिवस अबोला होऊन) ठरला होता. राहिली होती फक्त घडी. कागद कुठे आणि किती वेळा मोडायचा, एवढाच प्रश्न. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका तेलाच्या कारखान्यात, लॅबमध्ये, सोयाबीनचा ओलावा मोजते. दिवसाला चाळीस नमुने होतात. एक नमुना पास की नापास हे सांगायला मला अकरा मिनिटं लागतात. बाबांना एका कागदाबद्दल सांगायला तीन आठवडे पुरले नव्हते.

खरं कारण कागद नव्हताच. कारण होती कौसल्या आत्या.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नेरला असते. आमच्या घरात मुलाला किंवा मुलीला पहिली हळद आत्या लावते. तिच्यानंतर बाकीच्या बायका. चार वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या, बंटीदादाच्या लग्नात ती आली नाही. तिला पत्रिका पोचली होती, पण आत अक्षता नव्हत्या. आमच्याकडे सकाळी देवापुढे बसून त्या दिवशीच्या पत्रिका तयार करतात. पत्रिका उघडायची, गणपतीच्या चित्रावर कुंकवाचं बोट टेकवायचं, वर सात पिवळ्या अक्षता ठेवायच्या आणि मिटायची. मग घरोघर जाऊन ती दोन्ही हातांनी द्यायची. अक्षता असल्या तर ते बोलावणं. नसल्या तर ती नुसती खबर. लग्न आहे एवढं कळवलं, या असं म्हटलेलं नाही. आता मोबाइलवर आलेल्या पत्रिकेवरही माणसं जेवायला येतात, कोणी अक्षता मोजत नाही. आत्या मोजते.

बाबांचं म्हणणं होतं की अक्षता ठेवल्या होत्या, पण त्या रस्त्यात सांडल्या. बंटीदादाचं कार्ड दरवाजाच्या घडीचं होतं, म्हणजे दोन्ही बाजूंचे पाखे मधोमध येऊन मिटणारं. “त्या दरवाज्यातून सांडल्या,” हे वाक्य मी चार वर्षांत इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ते पाठ होतं, स्वरासकट. आत्या तेव्हापासून आमच्या घरी आली नव्हती. आता माझ्या हळदीला ती यायला हवी होती. बाबांना त्याशिवाय दुसरं काहीच सुचत नव्हतं. आणि ती यावी म्हणून अक्षता न सांडणारी घडी हवी होती.

मी पहिल्याच दिवशी एक कार्ड काढून दिलं होतं. साधं, जाड, एका घडीचं, शाळेच्या वहीसारखं उघडणारं. बाबांनी दुकानातच खिशातून अक्षतांची डबी काढली, सात दाणे ठेवले, कार्ड मिटलं आणि झटकलं. सातही दाणे जहीरभाईंच्या काउंटरवर.

“तीन बाजूनं उघडं हाये,” बाबा म्हणाले. “चालत नाई.”

जहीरभाईंचं छपाईचं दुकान यवतमाळच्या स्टँडमागच्या गल्लीत आहे. आमच्या घरातली बारशापासूनची सगळी कार्डं त्यांनीच छापली. पहिल्या आठवड्यात ते हसत हसत नमुने काढत होते. तीन घड्यांचं झालं, उभ्या घडीचं झालं, चार पाकळ्या एकात एक खोचून मिटणारं कमळ झालं. कमळातून दाणे सांडले नाहीत, पण ते उघडता उघडता बाबांच्या हातून एक पाकळी फाटली. दुसऱ्या आठवड्यात जहीरभाईंनी काउंटरवर वर्तमानपत्र पसरून ठेवायला सुरुवात केली.

“सदाशिवभाऊ, पाव किलो तांदूळ सांडला असन तुम्ही आतापर्यंत इथं,” ते म्हणाले. “मुंग्या लागल्या दुकानाले.”

“मंग घडी सुधरवा.”

“घडी कागदाची असते भाऊ. कुलूप नसते तिले.”

मी उपाय सुचवले नाहीत असं नाही. पाकिटात घाला म्हटलं. बाबा म्हणाले, पाकिटात दाणे तळाशी बसतात, माणूस कार्ड काढून घेतो आणि पाकीट फेकतो, म्हणजे अक्षता कचऱ्यात. हे बरोबर होतं, मला मानावं लागलं. गमाचा एक थेंब लावा म्हटलं. “अक्षता चिकटवतात का कुठी?” शेवटी मी लॅबमधून नमुन्यांच्या छोट्या पिशव्या आणल्या, तोंड दाबलं की बंद होणाऱ्या. आईनं एक पिशवी उजेडात धरून पाहिली.

“लग्नाची पत्रिका हाये का सोयाबीनचं सॅम्पल?” ती म्हणाली, आणि पिशव्या मसाल्याच्या डब्याजवळ ठेवून दिल्या. त्या तिला जिरे-मोहरीला कामी आल्या.

ज्याच्याशी माझं लग्न ठरलं तो कपिल फोनवर म्हणाला, “कोणतीही घडी चालेल.” मी त्याला म्हटलं की हे वाक्य या घरात पुन्हा उच्चारू नकोस.

जहीरभाईंनी शेवटची मुदत दिली. सोमवारी घडी सांगा, नाहीतर छापून मिळणार नाही, एप्रिलच्या लग्नांची रांग लागली आहे. तो बुधवार होता. कामावरून येताना मी एकटीच दुकानात गेले, म्हटलं आज काहीतरी ठरवूनच निघायचं. जहीरभाई बाहेर गेले होते. मागच्या खोलीत अनवरी भाभी चटईवर बसून कार्डं मोडत होती. घड्यांचं काम तीच करते. डाव्या हातानं कागद सरकवायचा, उजव्या हातातली लाकडी पट्टी एकदाच फिरवायची. मी बसून पाहत राहिले. एका मिनिटात चौदा कार्डं झाली.

“तुमारे बाबा नहीं आए आज?” तिनं विचारलं. “चावल की डबी लेके?”

“भाभी, एखादी अशी घडी सांगा ना, ज्यातून सांडणारच नाही.”

तिनं पट्टी खाली ठेवली. ती रागावली होती हे मला तेव्हा कळलं.

“तुमारे भाई के कार्ड मैंनेच मोडे थे. पूरे छे सौ. चार साल से सुन रही मैं. तुमारे बाबा जिधर जाते उधर बोलते, जहीर के कार्ड में से चावल गिरते. पिछले महिने मेरी खाला की बहू बोली, तुमारे कार्ड में से चावल गिरते ना?” ती उठली आणि फळीवरच्या जुन्या नमुन्यांतून एक कार्ड काढून माझ्यापुढे टाकलं. बंटीदादाचं कार्ड. “खोलो. नीचे देखो.”

मी उघडलं. दोन पाखे नुसते भिडत नव्हते. उजवा डाव्यावर बोटभर चढत होता. आणि खालची कड आतल्या बाजूला दुमडलेली होती, एखाद्या उथळ खिशासारखी.

“ये पट्टी कायके लिए रखी मैंने? सजावट के लिए? तुमारे लोगां चावल रखते इसलिए रखी. गिरा के दिखाओ.”

तिच्याकडे डब्यात तांदूळ होते. मी सात दाणे ठेवले, मिटलं, उलटं केलं, झटकलं. काही नाही. पुन्हा झटकलं. एक दाणा पडला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि इतका उशीर लागला याचा मला स्वतःचाच राग आला. बाबांनी सतरा कार्डं परातीवर धरली होती. ज्या कार्डावर आरोप होता ते एकदाही धरलं नव्हतं. आमच्या लॅबमध्ये कुणी असं केलं तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं करायला लावतात.

दुकानात त्या कार्डाच्या बारा प्रती उरल्या होत्या. भाभीनं सगळ्या पिशवीत घालून दिल्या. “ले जाओ. घुमाओ जिधर घुमाना उधर. खाली हुए तो मैं ये काम छोड देती.”

बंटीदादा एका खताच्या कंपनीसाठी फिरतो. रोज मोटरसायकलवर नेरपर्यंत आणि तिथून आतल्या गावांना. मी बारा कार्डांत सात-सात अक्षता ठेवल्या, प्रत्येक कार्ड वेगळ्या पिशवीत घातलं म्हणजे सांडलेले दाणेही मोजता येतील, आणि ती सगळी त्याच्या बॅगेत भरली.

“मी खत विकाले जातो का तांदूळ फिरवाले?” तो म्हणाला.

“तुह्याच लग्नाचं कार्ड हाये. दोन दिवस फिरव.”

“त्याच्यापाई चार वर्स बोलनं खाल्लं, आता ओझंबी मीच वाहू?” पण नेलं त्यानं.

शुक्रवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बसून मोजलं. चौऱ्याऐंशी दाण्यांपैकी पाच सांडले होते. एकही कार्ड रिकामं नव्हतं. सगळ्यात कमी दाणे ज्यात होते त्यात पाच होते. एक दाणा सांडण्याची शक्यता सुमारे सहा टक्के धरली, तर सातच्या सात सांडण्याची शक्यता अडतीस कोटींत एक येते. अर्थात हा हिशेब कच्चा आहे. दाणे एकेकटे सांडत नाहीत; कार्ड उघडलं तर सगळे एकदम जातात. पण कार्ड उघडू नये म्हणून तर पाखा चढवलेला होता.

“आई, त्या कार्डातून सांडूच शकत नाहीत.”

आई पोळी लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. “हे तुह्या बाबाले नको सांगू.”

“काहून?”

“सांगून काय करशीन?”

“तुले माहीत होतं?”

“मले कोनी काही सांगतलं नाई,” आई म्हणाली. “पन आत्याची पत्रिका गेली त्या दिवशी सकाळी ती भरलीच नव्हती, डबी देवापुढंच होती. मीच उचलून ठेवली.”

एकवीस दिवस ही बाई परात घासून ठेवत होती.

बाबा अंगणात तुरी चाळत बसले होते. मी त्यांच्यापुढे दरवाजाचं कार्ड ठेवलं आणि परात ठेवली. ते कार्डाकडे पाहून चाळत राहिले.

“झटका,” मी म्हटलं.

“हे कायले आनलं?”

“दोन दिवस दादाच्या गाडीवर नेरला जाऊन आलं. बारा कार्डं. एकबी रिकामं नाई झालं.” मी सगळे आकडे सांगितले. कार्ड उघडून खालची दुमडलेली कड दाखवली. “बाबा, यातून सांडल्या नव्हत्या. ठेवल्याच नव्हत्या.”

चाळणीचा आवाज थांबला.

“तू लॅबमधी नोकरीले हायेस का पोलीस ठान्यात?”

ते तुरीतला एक खडा शोधून बोटात फिरवत बसले.

“बाईकडं शेवटी जाईन म्हनलं होतं,” ते म्हणाले. आत्याला ते बाई म्हणतात. “लोकाईच्या घरी जाऊन उभ्या उभ्या पत्रिका द्याव, अन् बाईकडं निवांत जाव. बसाव, जेवाव. ती घरचीच हाये, कुठी जाते पळून. रोज म्हनो उद्या जातो. रोज कोनी ना कोनी निंघे. मंग चारच दिवस राह्यले. स्टँडवर गेलतो तं नेरच्या गाडीत फुलचंद दिसला, तिच्या घराबाजूचा. पिशवीत एक कोरी पत्रिका होती. गुडघ्यावर धरून तिचं नाव टाकलं अन् खिडकीतून त्याच्या हाती देल्ली.”

“आणि अक्षता?”

“अक्षता कुठून आनू? डबी घरी.”

“मग तिला तसंच सांगायचं ना.”

“तिचा फोन आला. म्हने सदा, अक्षता कुठी गेल्या? माह्या तोंडातून निंघून गेलं, पडल्या असतीन बाई, कार्डच खराब हाये.” त्यांनी खडा अंगणात फेकला. “एकडाव निंघालं ते निंघालं.”

“आणि ही सतरा कार्डं?”

“मले वाटलं, एकबी दाना सांडत नाई असं कार्ड घेऊन जाव. तिच्यासमोर झटकून दाखवाव. म्हनाव, पाह्य बाई, मागच्या वेळी कार्डाचा घोटाळा होता, आता चांगलं पाहून आनलं.”

म्हणजे खोटं पक्कं करण्यासाठी तीन आठवडे माझी पत्रिका अडकली होती. जहीरभाईंच्या दुकानात मुंग्या झाल्या होत्या आणि एका बाईच्या हातच्या कामाला चार वर्षं गावभर बट्टा लागला होता. मी परात उचलली आणि आत नेऊन आईजवळ दिली.

“आता नाई लागत,” मी म्हटलं.

रविवारी नेरला जायचं मी ठरवलं. बाबांनी शनिवारी रात्रीपर्यंत कारणं काढली. तुरी राहिल्यात. ऊन फार आहे. शेवटचं कारण चांगलं होतं: “पत्रिका छापली नाई. पहिली पत्रिका कळंबले, चिंतामणीपुढं ठेवा लागते. देवाच्या आधी बाईले कसं बोलावू?”

“तुम्ही बोलवायला नाही चालले. सांगायला चालले.”

तरी सकाळी निघताना ते देवापुढे बसले, सात अक्षता मोजून घेतल्या आणि रुमालाच्या टोकाला गाठ मारून त्यात बांधल्या. मी पाहिलं. जहीरभाईंचे चार नमुने माझ्या पिशवीत होते, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार होता. माझ्या स्कूटीवर बाबा मागे बसले. सगळ्या रस्त्यात त्यांनी एकदाच तोंड उघडलं, गतिरोधक आल्यावर. “हळू,” म्हणाले, आणि खिसा हातानं दाबून धरला.

आत्या ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. एका बाजूला टरफलं, एका बाजूला चिंचोके, मधे गराचा ढीग. तिनं मान वर करून आम्हाला पाहिलं आणि पुन्हा बत्ता चिंचेवर मारला.

“ये वं सुरभी. लग्न जमलं म्हने तुह्यं.”

“हो आत्या.”

“पोरगा कुठचा?”

“वणीचा.”

बाबांना ती काही बोलली नाही. पण आतून पाणी आणलं ते दोन गिलास आणलं, आणि दुसरा गिलास ओट्यावर बाबांच्या बाजूला ठेवला, त्यांच्याकडे न पाहता.

बाबांनी पाणी पिऊन घेतलं. गिलास खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मी पायानं त्यांच्या चपलेला धक्का दिला.

“बाई,” ते म्हणाले, “बंटीच्या टायमाले मी अक्षता ठेवल्याच नव्हत्या.”

आत्यानं एक चिंच फोडली. चिंचोके काढले.

“मले माहीत हाये.”

“कसं काय?”

“फुलचंदनं त्याच दिवशी सांगतलं. म्हने सदाशिवभाऊ खिडकीतून देऊन गेले, गाडी सुटून राह्यली होती. अक्षता ठेवाची सोयच नव्हती.”

“मंग तू चार वर्स बोलली काहून नाई?”

“मी कायले बोलू? मी तुले इचारलं अक्षता कुठी गेल्या, तू म्हने कार्ड खराब. दिवाळीले फोन केला, म्हने कार्ड खराब. सोयऱ्याच्या तेरवीत भेटला, तिथं चार मानसांत म्हने त्या जहीरचं कार्डच खराब. म्या म्हनलं, पाहू, किती वर्स कागदाले शिव्या देते हा मानूस.” तिनं बत्ता बाजूला ठेवला. “तू नाई आला त्याचा राग दोन महिन्यात गेलता, सदा. कागदाचा नाई गेला.”

बाबा मान खाली घालून बसले होते. मग म्हणाले, “घरची हायेस म्हनून शेवटी ठेवली होती तुले.”

“घरची म्हनून शेवटी?”

“हो.”

“मंग लोकाईतलीच राह्यली असती तं बरं झालं असतं. पहिल्या दिवशी तं आला असता.”

बाबांनी खिशातून रुमाल काढला. गाठ घट्ट बसली होती, सुटेना. त्यांनी दातानं सोडवली. आतल्या पिवळ्या दाण्यांकडे पाहून आत्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“पत्रिका कुठी हाये?”

“छापलीच नाई अजून.”

“कळंबले ठेवली?”

“नाई.”

“नाई म्हंजे?”

“पहिलं तुह्याकडं आलो.”

“देवाच्या आधी?” आत्याचा आवाज चढला. “तुले काही अक्कल हाये का नाई? एक डाव सगळ्यात शेवटी, एक डाव देवाच्याबी आधी. मधी कुठी थांबताच येत नाई का तुले? आता त्याची समजूत कोन काढन?”

“उद्याच जातो कळंबले.”

“उद्या नाई. येथूनच जा.”

असं म्हणता म्हणता तिनं उजवा हात पदराला पुसला आणि पुढे केला. बाबांनी दोन्ही हातांनी सात दाणे तिच्या तळव्यावर ठेवले. “सुरभीच्या हळदीले येजो, बाई.”

हात पुसला होता तरी चिंचेनं चिकटच होता. आत्यानं दाणे पाहिले, मग तळवा पालथा केला, बहुतेक ते बाबांना परत द्यायला, किंवा रागानं, मला ठरवता आलं नाही. एकही दाणा पडला नाही. मी मोजले. सात होते.

“हे पाह्य,” आत्या मला म्हणाली. “इतक्यासाठी चार वर्स.” मग उठून आत गेली आणि बऱ्याच वेळानं आली तेव्हा हात धुतलेला होता. “बावीसले येतो मी. तुह्या मायले सांग, हळद दळून नको ठेवू. माह्या घरची आनतो. अन् जेवाले थांबा आता. कळंबले जेवून जाजा.”

जेवणं झाल्यावर ती म्हणाली, “कार्ड कोनतं छापून राह्यले मंग?”

मी चार नमुने तिच्यापुढे मांडले. तिनं प्रत्येक उघडून, मिटून, उलटून पाहिलं. कमळाच्या पाकळ्या तिला उघडता आल्या नाहीत. तीन घड्यांचं नीट मिटता आलं नाही. शेवटी तिनं जाड, साधं, एका घडीचं कार्ड वर काढलं.

“हे बरं हाये. उघडलं का वाचता येते. बाकीचे पोट्ट्याईचे खेळ हायेत.”

पहिल्या दिवशी मी काढून दिलेलं तेच कार्ड. मी बाबांकडे पाहिलं.

“मी तं तेच म्हनत होतो,” बाबा म्हणाले.

मी ओट्यावरून उतरून अंगणात गेले आणि जहीरभाईंना फोन लावला. सोमवारची वाट कशाला पाहायची म्हटलं, आताच सांगून टाकू. एका घडीचं, सहाशे.

“एका घडीचं?” जहीरभाई म्हणाले. “ताई, तो लॉट तं काल संपला. पुसदच्या एका पार्टीनं सगळाच उचलला. नवीन यायला पंधरा दिवस.”

मी डोळे मिटून घेतले. “मग काय आहे तुमच्याकडे? आत्ता. सहाशे.”

“सहाशे म्हंजे...” पलीकडून बोलण्याचा आवाज आला, मग अनवरी भाभीचा, मग पुन्हा जहीरभाई. “दरवाजावालं हाये, कोरं, सहाशे निंघतीन. बंटीच्या टायमाचं, तेच. पन सदाशिवभाऊले चालन का? मी नाई बा सांगत त्यायले.”

मी फोन हातानं झाकला. बाबा ओट्यावर आत्याजवळ बसून चिंचोके वेगळे करत होते, आणि ती त्यांना ते नीट वेगळे होत नाहीत म्हणून बोलत होती.

“बाबा, दरवाज्याच्या घडीचंच उरलं आहे. चालेल का?”

त्यांनी आत्याकडे पाहिलं, मग हातातल्या चिंचोक्याकडे.

“चालते,” ते म्हणाले. “त्यातून काही सांडत नाई.”